अल्लाउद्दीनचा दिवा

"आजोबा, तुमच्या गाडीत अल्लाउद्दीनचा दिवा लागलाय!"

पुढच्या दोन सीटांच्या मधून मान काढून आमच्या नातीनं ही बातमी दिली, तेव्हा आम्ही आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे होतो. मे महिना, शनिवारची दुपार. पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट चढून आलो होतो. गाडीचं इंजिन तापलेलं, आमची डोकी त्याहून जास्त. मी समोर पाहिलं. स्पीडोमीटरच्या खाली एक छोटी लाल आकृती लुकलुकत होती. तेलाची झारी, आणि तिच्या चोचीतून पडणारा एक थेंब. आठ वर्षांच्या मुलीला तो अल्लाउद्दीनचा दिवा वाटला यात तिची काहीच चूक नाही. फरक एवढाच, की गोष्टीतला दिवा मागाल ते देतो. हा दिवा लागला की तो आपल्याकडे मागत असतो, आणि तेही तातडीनं.

मी काय केलं? बहुतेक जण करतात तेच. ॲक्सिलरेटर जरासा दाबला. दिवा विझला. पाय काढला, पुन्हा लुकलुकला. मग नाका पार होईपर्यंत मी पाय दाबूनच ठेवला. दिवा दिसेनासा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असं स्वतःला सांगायची माणसाची जुनी खोड असते. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसात ती जरा जास्तच मुरलेली असते. त्याबद्दल पुढे सांगतो.

"गाडी बाजूला घ्या," पत्नी म्हणाली. तिला गाडीतलं काही कळत नाही. मला कळतं. पण तिचं ऐकलं हे बरं झालं.

गाडीचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत दोष कारखान्याचा नाहीच. २००३ सालची छोटी पेट्रोल गाडी. बँकेच्या कर्मचारी कर्जातून घेतलेली. पंधरा वर्षांनी एकदा आणि पुढे पाच वर्षांनी पुन्हा, अशी दोनदा आरटीओत जाऊन आयुष्य वाढवून आणलेली. मीटरवर दोन लाख चौदा हजार किलोमीटर. थोडक्यात, गाडी माझ्याच पिढीतली.

जीप आणि सहा किलोमीटर

हा दिवा मी पूर्वी एकदा पाहिला होता. १९८७ साली बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचा अधिकारी होतो. वसुलीच्या फेरीसाठी शाखेला जीप होती. धारूरच्या बाजूला एका कच्च्या रस्त्यावर तिच्या पोटाला दगड लागला. ठक् असा आवाज आला, आम्ही हसलो आणि पुढे निघालो. थोड्याच वेळात लाल दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, गावात पोचून बघू. सहाच किलोमीटर आहे." मी 'बरं' म्हणालो. चौथ्या किलोमीटरला इंजिनातून खालून घणाचे ठोके यावेत तसा आवाज येऊ लागला, आणि पाचव्याच्या आत ते जाम झालं. चाक फिरेना. पोटाला भोक पडून सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. चौकशीत ड्रायव्हरला जबाबदार धरलं गेलं. 'बरं' मी म्हणालो होतो, हे त्या अहवालात कुठेच आलं नाही. मीही ते लिहून दिलं नाही.

त्यामुळे आनेवाडीच्या पुढे एका झाडाखाली गाडी उभी करून इंजिन बंद केलं, तेव्हा माझे हात थोडे थरथरत होते. पाच मिनिटं थांबलो, म्हणजे वर फिरणारं ऑइल खाली उतरतं. मग डिपस्टिक काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढली. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. गाडीखाली वाकून पाहिलं, थेंबही नाही. साताऱ्याच्या आमच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. ऑइल आहे का? खालून आवाज येतो का? रेस दिल्यावर दिवा जातो का?

मी उत्तरं दिली. ते म्हणाले, "येईलही कदाचित साताऱ्यापर्यंत. पण 'कदाचित'वर इंजिन लावायचं का, ते तुम्ही ठरवा साहेब."

तेवढ्यात जवळच्या गॅरेजमधला एक पोरगा येऊन बघून गेला होता. त्याचं निदान तयार होतं. "स्विच गेलाय काका. वायर काढून टाकतो, परत दिवाच येणार नाही." शंभर रुपयांत काम. खरं सांगतो, मोह झाला. पत्नीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिस्त्रींना परत फोन करायला लावला. टोचन करून गाडी साताऱ्याला आली. नात मात्र खूश. दोरीनं ओढलेल्या गाडीत ती पहिल्यांदाच बसली होती.

दाब म्हणजे काय?

इंजिनात ऑइल किती आहे, हे तो दिवा सांगत नाही. बऱ्याच जणांचा हा गैरसमज असतो. ऑइल किती आहे हे डिपस्टिक सांगते. दिवा सांगतो तो ऑइलचा दाब. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पातेल्यात, ऑइल काठोकाठ असूनही दाब नसू शकतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तिजोरीत रोकड आहे, पण काउंटरवर पोचत नाही.

अंगणातल्या नळाला रबरी नळी लावून झाडांना पाणी घालताना आपण नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो. लगेच पाण्याची धार लांब जाते. नळाचं पाणी तेवढंच असतं, वाट अरुंद केली म्हणून दाब वाढतो. आता त्याच नळीला मध्ये चार-पाच भोकं पडली असतील तर कितीही अंगठा दाबा, टोकाला धार येणार नाही. इंजिनातला ऑइलपंपही तसाच. तो ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अरुंद वाटांमुळे. या वाटा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि त्याला धरून ठेवणारी बेअरिंग यांच्यातल्या फटी. चांगल्या इंजिनात त्या काही शतांश मिलिमीटर असतात, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. वर्षानुवर्षांच्या झिजेनं त्या रुंदावतात. नळीला भोकं पडतात ती ही.

आणि त्या फटीतलं ऑइल करतं काय? याची एक सुंदर हकीकत आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून तेल सोडायला म्हणून त्यानं बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं. आस फिरू लागला तशी त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेर उसळू लागलं. जागा घाण होऊ लागली म्हणून त्यानं बूच मारलं. बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्यानं तिथे दाब मोजायचं घड्याळ बसवलं, तर त्याचा काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या शेवटच्या खुणेपलीकडे गेला. आसावरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता! तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला पाचरीसारखा फटीत ओढून घेतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. धातू धातूला टेकतच नाही. दोन लाख किलोमीटर चाललेल्या माझ्या गाडीचा क्रँकशाफ्ट बहुतेक काळ असा हवेत, म्हणजे तेलात, तरंगत आला होता. पंपाचं काम त्या फटीत ऑइल कमी पडू न देणं. ते कमी पडलं की तरंगणं संपतं आणि घासणं सुरू होतं. मग माझ्या जीपसारखी दोन-चार किलोमीटरं पुरतात.

टॉवरच्या गोष्टीतलं ते बूच मला फार आवडतं. बूच मारून तेल थांबत नाही हे त्याला दोनदा दिसलं, तेव्हा त्यानं मोजायचं ठरवलं. आनेवाडीचा तो पोरगा वायर काढायला निघाला होता. तेही एक बूचच.

दिवा केव्हा लागतो?

आमचे मिस्त्री म्हणतात, दिवा केव्हा लागतो ते नीट सांगा, अर्धं निदान तिथेच होतं. जुनी गाडी असलेल्या वाचकांसाठी त्यांचा पाठ थोडक्यात देतो.

चावी फिरवली आणि इंजिन अजून सुरू केलेलं नाही, तेव्हा हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब तरी गेलाय, नाहीतर कुणीतरी वायर तरी काढलीय. इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत तो विझला पाहिजे. रोज सकाळी तो जास्त रेंगाळत असेल तर बऱ्याचदा फिल्टर हलका असतो. चांगल्या फिल्टरमध्ये रात्री ऑइल खाली उतरू न देणारी एक रबरी झडप असते, ती स्वस्तातल्या फिल्टरमध्ये काम करत नाही. वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर क्षणभर लागला तर ऑइल कमी आहे, ते एका बाजूला सरकून पंपाचं तोंड उघडं पडतंय. गाडी वेगात असताना लागला तर सरळ बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. चेंबरमधली जाळी तुंबली असेल, पंप गेला असेल किंवा ऑइलच संपलं असेल. आणि खालून जड ठक-ठक ऐकू येत असेल तर एक मीटरही पुढे जायचं नाही.

आमचा प्रकार यांतला सर्वांत सामान्य. इंजिन तापलं की स्लोवर दिवा लागतो, रेस दिली की विझतो. त्याचं कारण सोपं आहे. ऑइल चाळीस अंशांवर असतं त्यापेक्षा शंभर अंशांवर सात-आठ पटींनी पातळ होतं. स्लोवर पंपही हळू फिरतो. पातळ ऑइल, मंद पंप आणि रुंदावलेल्या फटी हे तिन्ही एकत्र आले की दाब तळाला जातो. पण हे तिघेच गुन्हेगार असतील असं नाही. खुद्द बातमी देणारा स्विचही खोटारडा असू शकतो.

म्हणून तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे. आधी ऑइलची पट्टी. पातळी नुसती कमी नाही ना एवढंच बघायचं नाही, जास्तही नाही ना हेही बघायचं. गरजेपेक्षा जास्त ऑइल भरलं तर फिरणारा क्रँक त्याला घुसळून फेस काढतो आणि फेसाला दाब नसतो. मग वास. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये पेट्रोलपंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरायचं. पातळी वाढलेली दिसायची, मालक खूश व्हायचा आणि इंजिन मरायचं. मग रंग. दुधाळ चहासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. मग ऑइलचा नंबर. '२०डब्ल्यू-४०' मधला दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा पातळ ऑइल जुन्या इंजिनात भरलं तर नुसत्या त्यानंच दिवा लुकलुकू शकतो.

यानंतर स्विच. त्याची वायर काढली की दिवा विझायला हवा. नाही विझला तर वायरच कुठेतरी बॉडीला टेकलेली आहे. पण वायर काढल्यावर दिवा विझला म्हणजे स्विच खराब, असा अर्थ मात्र होत नाही. पोरगा तिथेच चुकला होता. बातमीदाराचं तोंड दाबल्यावर बातमी थांबते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. बातमी खरी की खोटी हे कळायला एकच उपाय आहे. स्विच काढायचा, त्याच भोकात दाबाचं घड्याळ बसवायचं आणि मोजायचं.

मिस्त्रींनी माझ्यासमोर ते बसवलं. थंड इंजिन, स्लोवर: ३.२ किलो. ठीक. मग वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून बंद झाला, तेव्हा स्लोवर ०.३ किलो. दोन हजार फेऱ्यांवर १.२. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा असा, की दर हजार फेऱ्यांना दहा पौंड, म्हणजे साधारण ०.७ किलो दाब हवा. आमचा आकडा दोन्हीकडे कमी. स्विच वेगळा तपासला, तर तोही ०.३ च्या आसपासच दिवा लावत होता. म्हणजे बातमीदार अगदी प्रामाणिक होता.

"हे एक लक्षात ठेवा साहेब," मिस्त्री म्हणाले. "हा दिवा दाब कमी झाला की लागत नाही. दाब संपत आला की लागतो."

गाळ कुठून आला?

ऑइल आणि फिल्टर बदलले, चेंबर उतरवला. आत पंपाच्या तोंडाशी जाळी असते. ती निम्मी काळ्या, चिकट गाळानं भरली होती. कढईच्या तळाशी जुनं तेल बसतं ना, तसा.

"साहेब, ऑइल कधी बदललं होतं?"

मी जरा अभिमानानंच म्हणालो, की निवृत्तीनंतर गाडी फार चालतच नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर ती उभीच होती. आताही मंडई, वाचनालय, डॉक्टर. दिवसाला दोन-तीन किलोमीटर. किलोमीटर झाले नाहीत, म्हणून ऑइल बदललं नाही. तीन वर्षं झाली असतील.

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी सांगितलेलं माझ्या वयाच्या प्रत्येक गाडीवाल्यानं ऐकावं असं आहे. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. त्यामुळे आत तयार होणारी पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून न जाता ऑइलमध्येच राहतो, आणि त्याचा गाळ होतो. रोज पन्नास किलोमीटर हायवेवर धावणारी गाडी त्या मानानं सुखी असते. म्हणून ऑइल किलोमीटरवर मोजायचं तसं महिन्यांवरही मोजायचं. गाडी चालो न चालो, वर्षातून एकदा बदलायचंच. जपून वापरली म्हणून गाडी टिकते या माझ्या समजुतीनंच तिचा गळा दाबला होता.

जाळी साफ केली तरी गाडी पूर्ण सुधारली नाही. स्लोवर ०.५, दोन हजारांवर १.५. दिवा विझला, पण जेमतेम. चेंबर उतरवला होता तेव्हाच मिस्त्रींनी एका कनेक्टिंग रॉडची टोपी उघडून आतली बेअरिंगची वाटी माझ्या तळहातावर ठेवली होती. राखाडी पृष्ठभागावर मधोमध तांबूस पट्टा. वरचा मऊ थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. बेअरिंग मुद्दाम मऊ धातूचं करतात, म्हणजे झीज त्यानं सोसावी आणि महागडा क्रँक वाचावा. बॅबिटनं १८३९ साली असा धातू शोधला, तेव्हापासूनची ही युक्ती. माझ्या बेअरिंगनं आपलं काम चोख केलं होतं. आता त्याच्याकडे झिजायला काही उरलं नव्हतं.

सगळी बेअरिंग, पंप आणि मजुरी मिळून बावीस हजारांचा अंदाज. गाडीची बाजारातली किंमत पन्नास-पंचावन्न. "तात्पुरती जोडून देतो. गावातल्या गावात चालवा. घाट नको. आठ दिवसांत ठरवा," मिस्त्री म्हणाले.

एकतीस मार्च

तिसऱ्या दिवशी एक एजंट दारात. या मंडळींना वास कसा लागतो कोण जाणे. त्यानं गाडी ऐकली, दिवा पाहिला आणि हसला. "बावीस हजार कशाला घालवता साहेब? जाड ऑइल टाकू, त्यावर एक घट्ट करणारा डबा ओतू. महिनाभर दिवा येत नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं की आपला संबंध संपला."

मी त्याला लगेच 'नाही' म्हणालो, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी 'बघू' म्हणालो.

त्या रात्री झोप आली नाही. एजंटनं सांगितलेली युक्ती मला नवी नव्हती. मी स्वतः ती वर्षानुवर्षं केली होती. एकतीस मार्चला शाखेच्या ठेवींचं उद्दिष्ट गाठायचं म्हणून एखाद्या मोठ्या खातेदाराला विनवून दोन दिवसांसाठी पैसे ठेवायला लावायचे आणि एप्रिल उजाडला की परत द्यायचे. आमच्या धंद्यात त्याला 'विंडो ड्रेसिंग' असं सुरेख नाव होतं. थकलेल्या कर्जाचं तर विचारूच नका. जुनं व्याज भरायला नवं कर्ज द्यायचं, की खातं कागदावर ठणठणीत. १९९२ सालापासून रिझर्व्ह बँकेनं थकीत कर्जाची व्याख्याच ठरवून दिली, पुढे २००४ पासून ती नव्वद दिवसांवर आणली. दिवा केव्हा लागायचा ते आम्ही ठरवायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. तरी जाड ऑइल ओतणारे हात थांबले नाहीत. त्यातला एक हात माझा होता. त्याची किंमत मी मोजली नाही. माझी बदली झाल्यावर त्या खुर्चीत येणाऱ्यानं मोजली. जीपची किंमत जशी ड्रायव्हरनं मोजली.

जाड ऑइल नेहमीच पाप असतं असं नाही, हेही सांगायला हवं. पुस्तकात उन्हाळी हवेसाठी एक नंबर घट्ट ऑइल चालेल असं लिहिलं असेल तर जुन्या इंजिनाला ते खुशाल द्यावं. पण पुस्तकाबाहेरचं फार जाड ऑइल थंड इंजिनात बारीक वाटांपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि नेमक्या सुरू होण्याच्या क्षणी बेअरिंग कोरडी ठेवतं. आकडा सुधारतो. झीज चालूच राहते.

दुसऱ्या दिवशी एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. तिशीतला मुलगा, मेढ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावचा. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला साताऱ्याला आणावं लागतं. एसटीनं त्यांना झेपत नाही, भाड्याची गाडी परवडत नाही. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून मागच्या सीटवर हात दाबून पाहिला. वडील तिथे आडवे होऊ शकतील का, हे तो बघत होता.

मी आत गेलो आणि मिस्त्रींनी आकडे लिहून दिलेला कागद आणून त्याच्या हातात ठेवला. ०.३, १.२, ०.५, १.५. त्याचा अर्थ सांगितला. "बावीस हजारांचं काम बाकी आहे. ते न करता घाटात नेलीत तर कुठेही बसेल." एजंट माझ्याकडे असा बघत राहिला, जणू त्याच्यासमोर मी गाडी पेटवून दिली होती.

मुलानं कागद दोनदा वाचला. "विचार करतो काका," म्हणाला. जाण्यापूर्वी मी त्याला एवढंच शिकवलं: जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा. आधी नुसती चावी फिरवून लाल दिवा लागतो की नाही ते पाहा. मग वीस मिनिटं चालवा, शक्यतो चढावर. परत येऊन गाडी स्लोवर उभी ठेवा, एसी आणि हेडलाइट लावा आणि दिव्याकडे बघत बसा. पट्टी काढून ऑइल बोटावर घ्या. मधासारखं ओघळत असेल तर विचारा, इतकं जाड का? आणि शक्य झालं तर पाच-सातशे रुपये देऊन घड्याळ बसवून मोजून घ्या.

तो परत आला नाही. दुसरी गाडी घेतल्याचं नंतर एजंटकडूनच कळलं. तिच्यात कुठलं ऑइल होतं ते मला माहीत नाही. हे मनाला अजून लागतं. माझा खरेपणा त्याच्या उपयोगी पडला की नाही, हे सांगता येत नाही. पण माझ्या गाडीत आडवं होऊन येताना त्याचे वडील घाटात अडकणार नाहीत, एवढं नक्की झालं.

बावीसचे चोवीस हजार झाले. क्रँक मोजला तर मापात निघाला, बेअरिंगनं त्याला खरंच वाचवलं होतं. नव्या वाट्या, नवा पंप, पुस्तकातल्या नंबरचं ऑइल. पुन्हा घड्याळ बसवलं. तापलेलं इंजिन, स्लोवर १.१. दोन हजारांवर २.८. मी ते आकडे गाडीच्या सर्व्हिस बुकात लिहिले, तारखेसह. खाली सही केली. बँकेत हजारो सह्या केल्या, पण इतकी निर्धास्त एखादीच असेल.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली. गाडीत बसल्याबरोबर पहिला प्रश्न, "आजोबा, दिवा गेला का?"

मी चावी अर्धी फिरवली. लाल झारी लागली. तिचा चेहरा पडला.

"अजून आहे!"

"असायलाच हवा," मी म्हणालो. "थांब जरा." इंजिन सुरू केलं. तिनं बोटांवर मोजलं, एक, दोन... आणि दिवा विझला.

आता रोज सकाळी गाडी काढताना मी तो लागायची वाट बघतो. आधी लागतो, मग विझतो. त्यानंतरच गिअर टाकतो.